तीनचाकीच्या मागे ट्रॉली जोडायचीय? आधी वही काढा



मालवाहतुकीच्या तीनचाकीवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, माझ्याकडे ॲपे आहे, माल जास्त होतो, मागे छोटी ट्रॉली जोडली तर?" कुणाकडे बजाजची तीनचाकी आहे, कुणी मोटरसायकलला मागे हौदा लावून तीन चाकं करून घेतलीत. प्रश्न मात्र तोच. गाडी आहे, इंजिन ओढतंय, गावातला फॅब्रिकेटर हुक वेल्डिंग करून द्यायला तयार आहे, मग दुसरी गाडी कशाला घ्यायची?

माझं मत आधीच सांगून टाकतो. जोडू नका. फक्त दंडाच्या भीतीने सांगत नाही. दंडाचं पुढे येईलच. मुख्य कारण हे की ज्या अडचणीसाठी तुम्ही ट्रॉली जोडायला निघालाय, ती अडचण ट्रॉलीने सुटतच नाही. आणि जो धोका वाढतो, तो तुमच्या एकट्याच्या अंगावर येत नाही.

एक धंदा घेऊन बघू. पाण्याचे जार. आज प्रत्येक तालुक्याच्या गावात हा धंदा आहे, तुमच्यापैकी कितीतरी जण करतायत किंवा करायच्या विचारात आहेत. वीस लिटरचा भरलेला जार म्हणजे जारच्या वजनासकट साधारण २१ किलो. तुमच्या तीनचाकीची भार क्षमता ५०० किलो धरा. बहुतेक मालवाहू तीनचाकी याच्या आसपासच असतात, तुमच्या गाडीचा नेमका आकडा आरसी बुकात आणि कंपनीच्या पुस्तिकेत बघा. ५०० भागिले २१, म्हणजे २३ जार. बास. हौद्यात तीस मावतात हे मला माहितीये. मावणं वेगळं आणि पेलणं वेगळं.

आता समजा तुमचं रोजचं गिऱ्हाईक ४० जारांवर गेलं. १७ जार उरतात, म्हणजे ३५७ किलो. ट्रॉलीचं स्वतःचं वजन दीडशे किलो धरा. लोखंडी अँगल, पत्रा, ॲक्सल, दोन चाकं, त्याच्या खाली येत नाही. म्हणजे मागे आणखी पाचशे किलो आले. गाडी, माल, ड्रायव्हर मिळून आधीच हजार किलोच्या घरात होते, ते आता दीड हजार झाले.

ट्रॉलीमुळे वाचलं काय? प्लांटपासून वस्ती सहा किलोमीटर असेल तर दुसऱ्या फेरीचे बारा किलोमीटर वाचले. लिटरला २५ किमी धरलं तर अर्धा लिटर डिझेल, म्हणजे ४५-५० रुपये. आणि जाण्यायेण्याचा अर्धा तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेबाराशे रुपयांच्या आसपास. ट्रॉली बनवायला समजा ३० हजार लागले, तर नुसते ते पैसे फिटायलाच दोन वर्षं जातात. त्यात ट्रॉलीचे टायर, बेअरिंग आणि दर काही महिन्यांनी जळणारी क्लच प्लेट मी धरलेली नाही. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे टाका. उत्तर फार बदलणार नाही.

आणि खरा वेळ कुठे जातो ते बघितलंय का? जार उतरवणं, दुसऱ्या मजल्यावर चढवणं, रिकामा जार शोधून आणणं, "उद्या देते पैसे" ऐकणं, वहीत लिहिणं. एका जारला तीन मिनिटं धरली तरी ४० जारांना दोन तास. ट्रॉली लावली तरी ते दोन तासच राहतात. उलट वाढतात, कारण ट्रॉली लावलेली तीनचाकी बोळात वळत नाही आणि रिव्हर्समध्ये तर तिची फजितीच असते. हँडल डावीकडे, ट्रॉली उजवीकडे. जो माणूस रोज ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घेतो त्याला विचारा, ते शिकायला किती महिने लागले.

म्हणजे ट्रॉलीने वाहतूक सोपी होईल असं वाटतं, पण तुमचा वेळ खातेय ती डिलिव्हरी. धंद्यात हे फार वेळा होतं. जिथे अडकलंय तिथे हात घालायचा सोडून जिथे जोडता येतंय तिथे जोडलं जातं.

आता ट्रॅक्टरचं निघालंच आहे तर. "सर, ऊसवाले दोन-दोन ट्रॉल्या ओढतात की!" हे उदाहरण मला नेहमी दिलं जातं. अहो, ट्रॅक्टर बनवलेलाच ओढण्यासाठी आहे. वजन दोन टनांच्या आसपास, मागची चाकं माणसाच्या छातीएवढी, गिअर असे की चालण्याच्या वेगाने पूर्ण ताकद मिळते, आणि हुकची जागा कंपनीने ठरवलेली. एवढं असूनही गळीत हंगामात रात्रीच्या वेळी उसाच्या ट्रॉलीवर मागून गाडी आदळल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. ज्या वाहनाला ओढायचा जन्मजात हक्क आहे त्याची ही अवस्था, मग तीनचाकीचं काय?

तीनचाकीची गोष्ट मुळातच वेगळी आहे. पुढे एक चाक, मागे दोन. स्टिअरिंग फक्त पुढच्या एका चाकावर. तुम्ही हुक लावता तो मागच्या ॲक्सलच्याही मागे, म्हणजे सी-सॉच्या लांब टोकाला. ट्रॉलीच्या दांड्याचा १०० किलो भार हुकवर आला, हुक ॲक्सलच्या ७० सेंटिमीटर मागे आहे आणि दोन ॲक्सलमधलं अंतर दोन मीटर आहे, तर पुढच्या चाकावरचं ३५ किलो वजन कमी होतं. सपाट रस्त्यावर हे जाणवणारही नाही. पण चढावर वजन आपोआप मागे सरकतं, स्पीडब्रेकरवर ट्रॉली उसळून दांड्याचा भार क्षणभर आणखी वाढतो, आणि त्याच क्षणी पुढचं चाक हलकं होतं. हँडल फिरवलंत तरी गाडी सरळच जाते. अशा गाडीला चालवणारे सांगतात, "हँडल हातात तरंगतं."

मग दांड्यावर भार येऊच नये म्हणून माल ट्रॉलीच्या मागच्या बाजूला सरकवायचा? तेही चालत नाही. माल मागे गेला की दांडा वर उचलला जातो आणि थोड्या वेगात ट्रॉली शेपटीसारखी डुलायला लागते. ट्रेलर ओढायचा सर्वसाधारण ठोकताळा असा आहे की ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा, थोडा जास्तच, दांड्यावर असावा. हा समतोल मोठ्या गाडीला जमतो. जारवाल्याला कसा जमणार? पहिल्या दहा घरांनी जार घेतले की ट्रॉलीतलं वजन कुठल्या कुठे गेलेलं असतं.

ब्रेकचंही तसंच. तुमचे ब्रेक गाडीच्या स्वतःच्या मंजूर वजनासाठी बनवलेत. ट्रॉलीला ब्रेक नाहीत, फॅब्रिकेटर ते देतच नाही. तेवढ्याच ब्रेकने हजारऐवजी दीड हजार किलो थांबवायचे म्हटलं तर थांबायला दीडपट अंतर लागतं. जिथे दहा मीटरमध्ये थांबायची, तिथे पंधरा. शाळा सुटायच्या वेळी बाजारपेठेतून जाताना हे पाच मीटर म्हणजे काय, ते मी लिहायची गरज नाही. त्यातून वळणावर ब्रेक दाबला तर मागची ट्रॉली गाडीला आडवं ढकलते. तीनचाकी वळणावर उलटते ती पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, कारण तिथे चाकच नाहीये. मागून मिळणारा धक्का नेमका त्याच दिशेचा असतो.

इथे एक गंमत सांगतो, कारण काही जणांना वाटेल की मी उगाच घाबरवतोय. आपल्याकडे घराघरात माहीत असलेली 'ॲपे' मूळची इटलीची, १९४८ची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या छोट्या दुकानदारांना परवडेल असं मालवाहू वाहन हवं होतं, म्हणून पियाजिओने स्कूटरच्याच मागे दोन चाकं आणि हौदा बसवला. 'आपे' म्हणजे इटालियन भाषेत मधमाशी. त्याच कंपनीने १९६०च्या दशकात एक पाच चाकी ॲपेसुद्धा काढली होती, पेंतारो नावाची. म्हणजे तीनचाकीला ट्रेलर जोडायची कल्पना तुमच्या आधी खुद्द कंपनीला सुचली होती! पण त्यांनी ती कशी केली ते बघा. त्यांनी ट्रेलर मागून ओढला नाही. ट्रेलरचं पुढचं टोक गाडीच्याच मागच्या भागावर टेकवलं, मोठ्या कंटेनर ट्रकसारखं. अख्खी गाडी त्या हिशोबाने नव्याने बांधली. तरी ते मॉडेल फार टिकलं नाही. साधी ॲपे मात्र टिकली, आणि आपल्या बारामतीच्या कारखान्यातून आजही निघते.

सौराष्ट्रातला छकडोसुद्धा आठवा. पुढे बुलेटचं धूड, मागे हौदा. शेंगदाण्यापासून माणसांपर्यंत सगळं त्याने वाहिलं. देशी डोक्याचा तो उत्तम नमुना आहे असं मी मानतो. पण त्यातही भार गाडीच्या स्वतःच्या चाकांवरच होता. मागे लोंबकळत नव्हता.

आता कायदा. थोडक्यात सांगतो, कारण हे प्रत्येकाने एकदा तरी ऐकायला हवं.

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते. फॅब्रिकेटरने बनवलेल्या ट्रॉलीला ना मंजूर डिझाइन असतं, ना चेसिस नंबर. मग नोंदणी कुठून होणार? दुसरं म्हणजे कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत कायद्याने परवानगी असलेले बदल सोडून दुसरा बदल करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे ट्रॉलीने चार महिन्यांत वाचवलेले पैसे एका नाक्यावर गेले.

"आमच्याकडे कोण पकडतंय सर?" बरोबर आहे, कदाचित कुणी पकडणारही नाही. मला भीती पोलिसाची नाही, विम्याची वाटते. अपघातात कुणाचा जीव गेला, तर भरपाईची रक्कम लाखांत जाते. नोंदणी नसलेली ट्रॉली जोडलेली होती हे पंचनाम्यात आलं की विमा कंपनी हात वर करायचा प्रयत्न करणारच. न्यायाधिकरण कधीकधी कंपनीला सांगतं की आधी पीडिताला पैसे द्या आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करा. मालक कोण? तुम्ही. वसूल कशातून होणार? प्लांटमधून, घरातून. "ही गाडीच नाही, जुगाड आहे" हा बचावही उरलेला नाही. राजस्थानातल्या एका प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की जुगाड हेही मोटार वाहनच आहे, म्हणजे वाहनाचे सगळे नियम त्यालाही आले.

मला कुणी जुगाडाचा शत्रू समजू नये. माझ्या निम्म्या व्हिडिओत मी जुगाडच शिकवतो. जुन्या फ्रिजचा डिस्प्ले कूलर करा, तेलाच्या डब्याची रोपवाटिका करा, घरच्या शिलाई मशिनला मोटर बसवा, हरकत नाही. तिथे फसलं तर तुमचे पैसे जातील, तुमची मेहनत जाईल. पण रस्त्यावरचा जुगाड फसला तर किंमत मोजतो तो मागून स्कूटीवर येणारा, ज्याने तुमच्या धंद्यात एक रुपया लावलेला नाही आणि ज्याला तुमच्या नफ्यातला एक रुपया मिळणार नाही. हा व्यवहार मला मान्य नाही. फॅब्रिकेटर म्हणतो, "काय होत नाही दादा, मी दहा जणांना करून दिलंय." त्याला एकच विचारा, "बिलावर सही करून लिहून देतोस का?"

मग करायचं काय? सगळ्यात आधी दुसरी फेरी मारा. खरंच. पन्नास रुपयांचं डिझेल हा धंद्यातला सगळ्यात स्वस्त विस्तार आहे. पहिली फेरी सकाळी सात ते नऊ, घरगुती गिऱ्हाईक. दुसरी अकरानंतर, दुकानं आणि ऑफिसं. दुसऱ्या फेरीत सकाळचे रिकामे जार गोळा होतात, म्हणजे ती फेरी फुकट जातच नाही. आणि अकरा वाजता दुकानदार गल्ल्यावर बसलेला असतो, त्यामुळे उधारी मागायलाही हीच वेळ बरी.

वस्ती लांब असेल तर तिथल्या एखाद्या किराणा दुकानदाराशी बोला. रोज दहा-पंधरा जार त्याच्याकडे उतरवा, जारमागे त्याला दोन-तीन रुपये द्या. आसपासची घरं त्याच्याकडूनच नेतील. जिने चढणं वाचलं, वेळ वाचला. ट्रॉलीने जे होणार नव्हतं ते इथे होतं. जार ओढायला हातगाडी घ्या, दोन चाकांची, गोदामात पोती नेतात तसली. फार किंमत नसते आणि तुमची कंबर वाचते.

लग्नसराईत शंभर जारांची ऑर्डर आली की लोकांना ट्रॉलीची जास्त आठवण येते. शंभर जार म्हणजे दोन टनांवर वजन, ते ट्रॉलीनेही होणार नाही. त्या दिवसापुरता पिकअप भाड्याने घ्या, दोन फेऱ्यांत काम होतं. भाडं ऑर्डरच्या दरात आधीच धरा. वर्षातल्या पंधरा दिवसांसाठी ३६५ दिवस ट्रॉली ओढत फिरायचं नसतं.

आणि माल खरोखरच रोजचा वाढला असेल तर? तर दुसरं वाहन घ्या, तिसरा मार्ग नाही. २००५ मध्ये टाटाने पुण्यातून छोटा हत्ती आणला, गिरीश वाघ त्या टीमचे प्रमुख होते. तो नेमका याच जागेसाठी होता: तीनचाकी कमी पडते आणि मोठा टेम्पो परवडत नाही, अशा माणसासाठी. आज तो वापरलेला मिळतो. पण माझा कल जारवाल्यासाठी दुसऱ्या तीनचाकीकडेच जातो, जुनी चालेल. दोन गाड्या म्हणजे दोन रूट एकाच वेळी. एक गॅरेजला गेली तरी दुसरी चालू, गिऱ्हाईक तहानलेलं राहत नाही. ट्रॉलीचं उलटं असतं, पुढची गाडी बंद पडली की मागची ट्रॉलीही उभी. रूट अगदी जवळचा आणि सपाट असेल तर ई-कार्ट बघा, पण तिची मर्यादा लक्षात ठेवा: ३१० किलो माल आणि ताशी २५ किमी. म्हणजे चौदा जार. कर्जासाठी मुद्रा योजनेत मालवाहू तीनचाकी बसते. बँकेत जाताना मात्र हातात वही हवी, नुसतं "धंदा चांगला चाललाय साहेब" म्हणून भागत नाही.

ट्रेलर कुणालाच नको असंही नाही. खाद्यपदार्थांचा स्टॉल जत्रेला, प्रदर्शनाला न्यायचा असेल, तिथे तीन दिवस उभा करायचा असेल, तर नोंदणी केलेला, ब्रेक आणि दिवे असलेला ट्रेलर योग्य क्षमतेच्या चारचाकीमागे नेणं हा शहाणपणाचा धंदा आहे. तिथे ट्रेलर म्हणजे दुकान असतं, ओढणं फक्त प्रवासापुरतं. तुमच्या वाहनाला ट्रेलर चालतो का, हे पुस्तिकेत बघायचं. ओढण्याच्या वजनाचा आकडा तिथे छापलेला असेल तरच पुढे बोलायचं. नसेल तर डीलरच्या सेल्समनच्या तोंडी "चालतंय"ला काही अर्थ नाही.

आता वहीचं काम. उद्यापासून तीस दिवस चार रकाने लिहा: फेरीला निघताना किती जार होते, किती वाजता निघालात, किती वाजता शेवटचा जार उतरला, आणि किती गिऱ्हाइकांना माल नाही म्हणून परत पाठवलं. चौथ्या रकान्यात तीसपैकी वीस दिवस आकडा दिसला, तर दुसऱ्या गाडीचं कोटेशन घ्यायला जा. पाच-सहा दिवसच दिसला तर पिकअपवाल्याचा नंबर सेव्ह करून ठेवा. आणि तो रकाना रिकामा राहिला, पण दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यातलं अंतर तीन तासांच्या वर जात असेल, तर पुढच्या आठवड्यातला व्हिडिओ तुमच्यासाठीच आहे. त्यात जारचं डिपॉझिट, कुपन पद्धत आणि रूट कसा आखायचा हे घेणार आहे. वही भरलेली असेल तर तो बघताना सोबत ठेवा.